सातशे चौरस फुटांचं गवत आणि तंगुसाचं मशीन

साताऱ्यात घर बांधून अंगण ठेवलं की जून ते दिवाळी गवताशी गाठ पडतेच. आमचं घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, शाहूनगरच्या चढावर. अडीच गुंठ्यांतून घर, गाडी लावायची फरशी आणि पाण्याची टाकी वजा केली की बाग म्हणून उरते ती सातशेएक चौरस फूट. जमीन मुरमाड. वरून ट्रॉलीभर काळी माती आणून पसरली होती, पण दर पावसात खालचे खडे डोकं वर काढतातच. त्यात मधोमध हरळी, सांडपाण्याच्या बाजूला लव्हाळा, कुंपणाच्या कडेनं आघाडा नि टाकळा, आणि मागच्या रिकाम्या प्लॉटमधून भिंत ओलांडून आलेलं गाजरगवत.

हे सगळं आजवर एक मामा विळ्यानं कापून न्यायचे. त्यांच्या म्हशीला वैरण, आम्हाला मोकळं अंगण, वर चहा आणि थोडे पैसे. त्यांनी म्हैस विकली आणि येणं थांबलं. वैरणीची गरज नसलेला माणूस एवढ्याशा अंगणासाठी कशाला येईल? दोघं-तिघं येऊन बघून गेले, ‘काकू, एवढ्यासाठी अख्खी हजेरी पडेल’ म्हणाले. माझे गुडघे विळा घेऊन बसू देत नाहीत आणि ह्यांची कंबर वाकू देत नाही. म्हणून गवत कापायचं मशीन.

पहिलं मशीन पाहिलं ते आमच्या भाच्याचं. तो कोरेगावकडं ऊस आणि आल्याचं पीक घेतो. बांध साफ करायला त्याच्याकडं पेट्रोलवरचा ब्रश कटर आहे, पुढं लोखंडी पातं, खांद्याला पट्टा. एका रविवारी तो ते घेऊनच आला. आधी बाटलीत पेट्रोल आणि टू-स्ट्रोकचं ऑइल मिसळलं. त्याच्या मशीनला एका लिटरला ४० मिली लागतं. काही मशीनना २० मिलीच पुरतं, म्हणून पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणावर काय लिहिलंय ते बघायचं, शेजाऱ्याचं माप आपल्याला लावायचं नाही, हे त्यानं बजावून सांगितलं. मग दोरी ओढली आणि अख्ख्या गल्लीतले लोक गच्चीवर आले.

काम झटपट झालं यात शंका नाही. पण कुंपणाच्या पायाचा एक दगड गवतात लपलेला होता. त्याला पातं लागलं आणि मशीन त्याच्या हातात एकदम बाजूला फेकलं गेलं. पट्टा होता, पाय रोवलेले होते, वर्षानुवर्षांची सवय होती, म्हणून त्यानं सावरलं. फिरतं पातं कडक वस्तूवर आपटलं की सगळा जोर उलटा मशीनमध्ये येतो. माझ्या हातात असतं तर मी गोल फिरले असते. शिवाय सात-आठ किलो वजन.

भाचाच म्हणाला, “मामी, ह्ये बांधाचं काम हाय. तुमच्या हरळीला तंगुसाचं घ्या, बारकं. पात्याच्या नादाला लागू नका.”

तंगूस म्हणजे नायलॉनची तार, तलावावर गळ टाकणारे वापरतात तसलीच, फक्त जाड. ट्रिमरच्या, म्हणजे या तंगुसाच्या मशीनच्या, खालच्या फिरत्या डोक्यात तिचं रीळ असतं, बाहेर थोडी तार लोंबते, आणि डोकं मिनिटाला काही हजार फेरे घेतं तेव्हा ती ताठ होऊन गवत तोडते. दगडाला लागली तर तार झिजते किंवा तुटते, मशीन उलटा हिसका देत नाही. पण म्हणून ती निरुपद्रवी नाही. उघड्या पोटरीची सालटं सोलायला तेवढी तार पुरते, आणि खडा तर ती पात्यासारखाच भिरकावते.

आता तंगुसाचं घ्यायचं ठरलं, तर वायरचं की बॅटरीचं? शेजारच्या अण्णांकडं वायरचं होतं, ५०० वॅटचं. त्यांनी ते मोठ्या मनानं दिलं, वापरूनही दाखवलं. वायरचं मशीन स्वस्त, हलकं, आणि मध्येच दम सोडत नाही. वायर मागं, एका खांद्यावरून पाठीकडं सोडलेली ठेवायची. सॉकेटजवळून सुरुवात करायची आणि लांब लांब जायचं, म्हणजे वायर नेहमी कापून झालेल्या भागावर पडते. हे सगळं नीट समजलं. अडचण दुसरीच होती. साताऱ्यात गवत वाढतं तेव्हाच पाऊस असतो. जुलैत गवत कोरडं असा दिवस शोधायचा म्हणजे पंचांग घेऊन बसावं लागेल, आणि ओल्या गवतात २३० व्होल्टची वायर ओढत फिरायचं माझं धाडस नाही.

यातून एक काम मात्र झालं. आमच्या घराचं वायरिंग जुनं, बोर्डात नुसते एमसीबी. वायरमनला विचारलं तेव्हा त्यानं समजावलं ते प्रत्येकानं ऐकावं असं आहे. १६ अँपिअरचा एमसीबी हा वायरिंग वाचवायला असतो, जादा लोड आला किंवा शॉर्ट झालं तर पडतो. माणसाच्या अंगातून जाणारा जीवघेणा करंट त्याच्या मानानं इतका थोडा असतो की एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी वेगळा आरसीसीबी लागतो, ३० मिलिअँपिअरचा. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत तेवढा फरक पडला की तो क्षणात वीज तोडतो. तो आम्ही बसवून घेतला. त्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून तो पडतो का बघायचं. अंगणात पाण्याची मोटर, धुण्याचं मशीन, दिवाळीच्या माळा असं काहीही असेल तर ट्रिमर घ्या न घ्या, हा आधी बसवा.

राहता राहिलं बॅटरीचं. इथं खरा गोंधळ दुकानात सुरू झाला. एका डब्यावर १८ व्होल्ट, दुसऱ्यावर २०, तिसऱ्यावर २१, आणि एक तर ४८. दुकानदाराचा पोरगा चढत्या क्रमानं जास्त ताकदीचं म्हणून दाखवत होता. माझं निम्मं आयुष्य बँकेत आकडे तपासण्यात गेलंय, त्यामुळं आकडा दिसला की मागचा हिशेब मागायची खोड आहे. बॅटरीत लिथियमचे सेल एकापुढं एक जोडलेले असतात. एका सेलचा नेहमीचा व्होल्टेज ३.६. पाच जोडले की १८. तेच पाच सेल पूर्ण चार्ज झाले की प्रत्येकी ४.२, म्हणजे २१. थोडक्यात १८, २० आणि २१ ही तिन्ही मशीनं पाच सेलचीच, फरक आकडा कधी मोजला एवढाच. आणि तो ४८? त्याच्यापुढं बारीक अक्षरात ‘व्हीएफ’ असं काहीतरी होतं, आणि बॅटरीचा आकार बाकीच्यांएवढाच. मी चार्जरवर आउटपुट किती लिहिलंय ते वाचलं, तिथं २१ होते. डब्यावर काहीही छापा, चार्जर खोटं बोलत नाही.

बघायचं ते व्होल्टशेजारच्या अँपिअर-अवरकडं, म्हणजे बॅटरीत साठा किती त्या आकड्याकडं. १८ व्होल्टची २ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ३६ वॅट-तास. मोटरनं दीडशे वॅट खाल्ले तर जेमतेम १४ मिनिटं. ४ अँपिअर-अवरची घेतली तर दुप्पट, पण वजनही वाढतं. आमच्या अंगणाला एवढं पुरतं, आणि खरं सांगायचं तर पाव तासानं हातांना मुंग्या येतात, बॅटरी संपते ते बरंच होतं. मोठी बाग असलेल्यानं मात्र दुसरी बॅटरी घेऊन ठेवावी.

आकड्यांपेक्षा जास्त वेळ मी दुकानात मशीन हातात धरून उभी राहण्यात घालवला. दांडा कमी-जास्त होतो का, मधली मूठ सरकते का, आणि पाठ सरळ ठेवून उभं राहिलं तर डोकं जमिनीला समांतर येतं का. एका छान दिसणाऱ्या मशीनचा दांडा इतका आखूड होता की मला कुबड काढूनच चालावं लागलं असतं. दुसरं, मशीन चालू व्हायला दोन गोष्टी दाबाव्या लागतात का: आधी अंगठ्याचं लॉक, मग बोटाचा स्विच. एकाच बटणावर सुरू होणारं मशीन नातवंडं येणाऱ्या घरात नको. तिसरं, गार्ड, म्हणजे तार आणि आपला पाय यांच्यामधला आडोसा, केवढा आहे. स्वस्त मशीनना तळहाताएवढा प्लास्टिकचा तुकडा असतो, तोही दोन स्क्रूवर डुगडुगणारा. आणि शेवटचं, “दादा, याचं रीळ सुटं मिळतं का?” या प्रश्नावर दोन दुकानांत ‘बघू, मागवू’ असं उत्तर आलं. मी ते मशीन तिथंच ठेवलं. तार ही संपणारी वस्तू, ती मिळणार नसेल तर मशीन शोभेला ठेवायचं का? शेवटी पोवई नाक्याकडच्या एका शेती औजारांच्या दुकानात सगळं जुळलं. १.६ मिलिमीटर तार, अडीच किलोच्या आत वजन, सरकती मूठ, पाऊल झाकेल एवढा गार्ड.

त्या स्वस्त मशीनांसोबत डब्यात प्लास्टिकची पाती, लोखंडी पाती, करवतीसारखी चकती असं बरंच ‘फ्री’ मिळतं. ज्या मशीनचा गार्ड तारेपुरता बनवलाय त्यावर लोखंडी चकती चढवणं म्हणजे काय, हे भाच्याच्या हातातला तो हिसका पाहिलेला असल्यानं मला कोणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

आता कपडे. साडी, ओढणी, गाऊन यातलं काहीही चालत नाही. ह्यांची जुनी जीन्स, पूर्ण बाह्यांचा शर्ट, गमबूट, मंगळसूत्र शर्टाच्या आत, केसांचा अंबाडा. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या, म्हणाल्या, “अगं, तुला बघून कुत्रं भुंकंल.” भुंकलंच. डोळ्यांसाठी माझा नेहमीचा चष्मा पुरत नाही, खडा बाजूनं येतो. चष्म्यावरून बसणारा, कडा बंद असलेला गॉगल हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. पावसाळ्यात त्यावर वाफ धरते. त्यासाठी बाजूला भोकं असलेला घ्यायचा आणि आतून भांड्याच्या साबणाचं बोट फिरवून कोरडं पुसायचं. जाळीची तोंडपट्टी मिळते, तिच्यावर वाफ धरत नाही, पण बारीक कचरा जाळीतून येतो. म्हणून ती वापरलीच तर गॉगलच्या वरून.

मशीन हातात घेण्याआधी काठी घ्यायची. आमच्या भागात घोणस, नाग, मण्यार तिन्ही आहेत, आणि डोंगरउतार पाठीशी असल्यानं पावसाळ्यात ती अंगणात येतात. काठीनं कडेकडेनं गवत आपटत एक फेरी मारायची, दोन मिनिटं थांबायचं. घोणस पळून जाईलच असा भरवसा नसतो, ती वेटोळं करून तिथंच बसते, म्हणून गवत गुडघ्याच्या वर गेलं असेल तर मी मशीन लावतच नाही. गडी लावून, काठीनं बाजूला सारत, वरचं वर आधी कापून घ्यायचं. बेडूक मात्र काठीला दाद देत नाहीत. एक जाडजूड बेडूक प्रत्येक वेळी जास्वंदीच्या आळ्यात मधोमध बसलेला असतो, त्याला फावड्यावर घेऊन मागं सोडावं लागतं.

दुसरी फेरी हातमोजे घालून, बादली घेऊन. खडे, काचा, खिळे, पतंगाचा मांजा, नातवानं फेकलेल्या गोट्या. मुरमाड जमिनीत दर वेळी पाव बादली तरी भरते. मोठ्या मशीनच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, १५ मीटरच्या आत माणूस नको. सातशे फुटांच्या बागेत १५ मीटर म्हणजे शेजाऱ्याचं स्वयंपाकघर! त्यामुळं आमच्यापुरता नियम असा की सगळे आत, खिडक्या बंद, गेटला कडी, आणि शेजारच्या अण्णांना हाक मारून गाडी पुढं घ्यायला सांगायची. कुणी गेटवर आलं तर आधी स्विच सोडायचा, डोकं पूर्ण थांबू द्यायचं, मग बोलायचं. स्विच सोडला तरी तार काही क्षण फिरत राहते.

तिसरी गोष्ट ठिबकची नळी. १६ मिलिमीटरची काळी लॅटरल गवतात दिसत नाही आणि तार तिला काकडीसारखी कापते. मी सगळ्या नळ्यांच्या बाजूला लाल चिंध्या बांधलेल्या काड्या रोवल्यात. तसंच झाडांचं. कढीपत्ता, चिकू, लिंबाची कोवळी रोपं यांच्या खोडाला तार लागली की साल निघते, आणि साल सगळीकडून गोल निघाली की झाड वरून हिरवं दिसत दिसत वाळतं, कारण पानांनी तयार केलेलं अन्न मुळांपर्यंत जायचा रस्ता सालीतूनच असतो. प्रत्येक आळ्यात खुरप्यानं हातभर जागा मोकळी करून पालापाचोळा पसरला, म्हणजे तिथं ट्रिमर न्यायचं कारणच उरत नाही.

आणि दूर्वा. तुळशीवृंदावनामागं सासूबाईंचा हरळीचा राखीव तुकडा आहे. गणपतीत रोज एकवीस दूर्वांची जुडी तिथूनच. त्याभोवती विटा लावून घेतल्या, आत मशीनला मनाई.

कापताना जोर लावायचा नसतो, हे हाताला समजायला वेळ लागतो, कारण विळ्याची सवय ओढायची. इथं काम तारेच्या शेवटच्या इंचभर टोकाचं. डोकं गवतात खुपसलं की मोटर गुरगुरते, तार तुटते, बॅटरी तापते. फुटाच्या वरचं गवत दोन टप्प्यांत घ्यायचं, आधी वरचा निम्मा भाग, मग खालचा. एकदम बुडातून कापलं तर लांब काड्या डोक्याभोवती सुतासारख्या गुंडाळल्या जातात. जमिनीपासून दोन इंच ठेवायचं. हरळी मातीलगत भादरली की मधली माती उघडी पडते आणि तिथं पहिल्या सरीला गाजरगवत येतं.

माझ्या मशीनचं डोकं वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतं, गार्डवर बाण आहे. म्हणजे पुढच्या टोकाला तार डावीकडं धावते आणि कचराही डावीकडं उडतो. हे एकदा कळलं की चालायची दिशा ठरवता येते: रस्ता, काच, गाडी उजव्या हाताला राहील अशा बेतानं. कुंपणाच्या भिंतीशी तार हळू न्यायची, सिमेंट तिला खातं. तार आखूड झाली की मशीन चालू असताना डोकं हलकेच जमिनीवर टेकवायचं, आतून तार सुटते आणि गार्डच्या कडेची छोटी पट्टी तिला मापात कापते. फरशीवर आपटायचं नाही, हरळीवर टेकवायचं. काही जण गार्डच काढून टाकतात, म्हणजे तार लांब राहते आणि पट्टा मोठा पडतो. लांब तार ओढताना मोटर जळते, ते एक. आणि पायाच्या दिशेनं येणारा खडा अडवायला दुसरं काही उरत नाही.

तार अडकली, गवत गुंडाळलं, रीळ बदलायचं, काहीही असो, आधी बॅटरी काढून ओट्यावर ठेवायची. मशीन बंद आहे एवढ्यावर बोट आत घालायचं नाही. जुनी तार उन्हानं कडक होऊन कटकट तुटते. नायलॉन पाणी पितं, म्हणून रीळ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवलं की ते पुन्हा लवचीक होतं. हा उपाय दुकानदाराचा, आणि चालतो.

गाजरगवताला मात्र मी मशीन लावत नाही. त्याचा रस आणि परागकण अंगावर उडाले तर ज्याला त्याची ॲलर्जी असेल त्याला खाज आणि दमा दोन्हीचा त्रास होतो. शिवाय वरून कापलं तर बुडातून पुन्हा फुटतं. पाऊस पडून गेला की माती मऊ असते, फुलं यायच्या आत हातमोजे घालून मुळासकट उपटायचं. लव्हाळ्याची गाठ जमिनीत असते, त्याला ट्रिमर म्हणजे केस कापून दिल्यासारखं, तो आठवड्यात परत उभा. त्याला खुरपंच.

एक गोष्ट दुकानात कोणी सांगितली नाही. ट्रिमरनं कापलेलं गवत वैरण म्हणून चालत नाही. पहिल्यांदा गवताचा ढीग बघून मागच्या गल्लीतल्या मावशी शेळीसाठी न्यायला आल्या. मी मूठभर गवत हातात घेऊन बघितलं तर त्यात पिवळ्या तंगुसाचे तांदळाएवढे तुकडे चमकत होते. तार झिजते म्हणजे ती कुठंतरी जातेच, मातीत नाहीतर गवतात. जनावराच्या पोटात नायलॉन जाऊ नये म्हणून मावशींना नाही म्हणावं लागलं. मामांच्या विळ्यात हे संकट नव्हतं. आता शेळीसाठी म्हणून कुंपणाजवळचा एक पट्टा न कापता ठेवते, त्या स्वतः विळा घेऊन येतात. बाकीचं खताच्या खड्ड्यात, पण त्या खड्ड्याचं खत मी भाजीच्या वाफ्याला घालत नाही, शोभेच्या झाडांना घालते.

काम झालं की डोक्याखालचा ओला लगदा लाकडी काडीनं खरवडायचा, सुकला तर दगड होतो. पाण्याच्या पाइपखाली मशीन धरायचं नाही. बॅटरी गरम असताना चार्जिंगला लावायची नाही, तासभर थंड होऊ द्यायची. मागच्या उतारावर कुसळी गवत आहे, त्याची कुसळं पायमोज्यातून आत शिरायच्या आत, म्हणजे सप्टेंबरात, एक हात मारून घेते. दिवाळीनंतर गवत वाढायचं थांबतं, तेव्हा बॅटरी निम्मी चार्ज करून काढून ठेवते, घरातल्या कपाटात, पत्र्याच्या शेडमध्ये नाही.

मागच्या रिकाम्या प्लॉटचा मालक पुण्यात असतो. तिथलं रान पुरुषभर वाढलंय आणि आमच्याकडं येणारी सगळी बियाणी तिथलीच. त्याची परवानगी मिळाली की भाच्याला पट्टा नि पातं घेऊन बोलवायचं ठरलंय. ते माझ्या मशीनचं काम नाही.